खिडकी आली की 'यस' दाबावे

सांगायलाही लाज वाटते, पण त्या माणसाला मी कित्येक वर्षं 'सर' म्हणत होते. समोर अहो-जाहो आणि पाठीमागे अरे-तुरे, ही आमच्या कंपनीची रीतच होती. आता मी ती कंपनी सोडली आहे, म्हणजे हे सगळं पाठीमागेच चाललंय असं समजा आणि मला मोकळेपणाने अरे-तुरे करू द्या.

कंपनी चाकणची, कुरुळीच्या आतल्या अंगाला. मोटारींना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसवर काढून द्यायचो. मी खरेदी विभागात. पत्र्याच्या कॉइलपासून कॅन्टीनच्या साबणापर्यंत जे काही कंपनीत यायचं, त्याची ऑर्डर माझ्या सहीने निघायची. आणि हा होता आयटी हेड. हाताखाली दोन माणसं, तीही कंत्राटी. पण चालायचा असा, की देशाची सरहद्द याच्याच भरवशावर आहे.

त्याला खरं काम एकच होतं. कंपनीतले कॉम्प्युटर व्हायरसपासून राखायचे, आणि त्यासाठी एक बरंसं सॉफ्टवेअर निवडून माझ्याकडे मागणी पाठवायची. सगळं जग त्याला अँटीव्हायरस म्हणतं. हा म्हणायचा 'एंडपॉइंट सिक्युरिटी'. मी एकदा सवयीने अँटीव्हायरस म्हणाले, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरले. "मॅडम, तो शब्द घरगुती वापरासाठी," म्हणाला. ठीक आहे बाबा, असेल तो शब्द घरगुती. पण घे ना एकदाचं! माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा याची निवड सुरू झाली, आणि ती पाढे म्हणायला लागली तरी संपली नव्हती.

कारण साहेब तुलना करत होते. तुलनेचा एक तक्ता होता. कागदाला कागद चिकटवून तो इतका वाढवला होता, की मीटिंग रूमच्या टेबलावर सतरंजीसारखा अंथरावा लागे. डावीकडे सॉफ्टवेअरची नावं, वर रकाने. व्हायरस किती पकडतं, कॉम्प्युटर किती मंद करतं, बिघडलं तर फोन कोण उचलतं. इथवर माणूस शहाणा वाटायचा. पुढचा रकाना होता 'विक्रेत्याचे बूट'. मी आधी वाचलं तेव्हा वाटलं, काहीतरी तांत्रिक असेल. तांत्रिक कसलं, खरेखुरे पायातले बूट! ज्याचे बूट मळके, त्याचं सॉफ्टवेअर घाण आत येऊ देणारच, असं याचं ठाम मत. आता बाणेर-वाकडहून तो विक्रीवाला बिचारा मोटारसायकलवर येणार, पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे कांद्याचे टेम्पो, वर धुळीचा लोट. मी म्हटलं, "सर, तळेगाव चौकातून आला तर ब्रह्मदेवाचेही बूट मळतील." त्यावर त्याने तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'खरेदी विभागाचा आक्षेप नोंदवला.'

चहासुद्धा हा सरळ प्यायचा नाही. गेटबाहेर दोन टपऱ्या होत्या. एक भोसरीहून येणाऱ्या चाचांची, एक गावातल्या मामांची. हा रोज अर्धा कप इथे, अर्धा कप तिथे प्यायचा आणि मग निकाल सांगायचा. आज आलं यांचं बरं, पण उकळी त्यांची. दोघांनाही निकाल ऐकून घ्यावा लागे, कारण कंपनीच्या मीटिंगांचा चहा कुणाकडून घ्यायचा हे हाच ठरवायचा. ते अर्थातच अजून ठरलेलं नव्हतं. एकदा चाचांचा गॅस संपला. गिऱ्हाईक परत जायला नको म्हणून त्यांनी मामांच्याच किटलीतला चहा आपल्या कपात ओतून याच्या हातात दिला. मी तिथेच उभी होते. याने दोन्ही कप घेतले, डोळे मिटले, आणि म्हणाला, "आज चाचांचा सरस. यात आलं नीट चेचलंय." तो आत गेल्यावर चाचा हसू दाबत म्हणाले, "मॅडम, साब को मत बोलना." मामा मात्र खवळले होते. "काय राव हा मानूस! माझाच चा पिऊन मलाच नापास केलं!"

त्याची बायको मला एकदा कंपनीच्या स्नेहसंमेलनात भेटली. शांत, हसतमुख बाई. मी सहज म्हटलं, घरी पण तुलना असते का? ती म्हणाली, "फ्रीज बघायला लागून दोन उन्हाळे गेले. शेवटी माझ्या भावानं आणून ठेवला. अजून त्याच्या समोरून जाताना हे नाक मुरडतात." आणि हे सांगताना ती त्याच्याच ताटात जिलेबी वाढत होती. काय म्हणावं अशा बाईला, मला अजून सुचलेलं नाही.

आता कुणी विचारेल, इतकी वर्षं काहीच घेतलं नाही, तर कॉम्प्युटर चालत कसे होते? इथेच तर त्याची खरी अक्कल होती. ही सॉफ्टवेअरवाली मंडळी महिनाभर फुकट वापरून बघायला देतात. हा या महिन्यात एक लावायचा, पुढच्या महिन्यात ते काढून दुसरं. यादी संपली की पहिल्यापासून. विक्रेते बदलायचे, नवीन नावाने नवीन अर्ज व्हायचे, आणि आमची कंपनी वर्षानुवर्षं फुकटच्या महिन्यांवर दिवस काढत होती. मालकांना हा सांगायचा, "सर, खर्च शून्य आणि अनुभव अमूल्य." मालक प्रेस शॉपमधून वर आलेला माणूस. भोसरीत एका प्रेसवर धंदा सुरू केलेला. कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळत नाही, असं ते स्वतःच म्हणायचे, म्हणून याचं फावायचं.

दर महिन्याला सॉफ्टवेअर बदललं, की प्रत्येकाच्या पडद्यावर एक चौकट उघडायची. अमुक बसवायचं आहे, परवानगी आहे का? यस, नो. त्या दिवशी सकाळी हा पर्सोनेल ऑफिसात जाऊन कंपनीचा स्पीकर हातात घ्यायचा. जिथून शिफ्टच्या सूचना देतात, तोच. आणि कामगारांना समजावं म्हणून पॉपअपला खिडकी म्हणायचा. "लक्ष द्या. लक्ष द्या. आज आपल्या कॉम्प्युटरवर नवीन खिडकी येईल. घाबरू नये. विचार करू नये. खिडकी आली की 'यस' दाबावे." विचार करू नये, हे तर अगदी जोर देऊन. एवढ्यावर भागायचं नाही. 'यस' दाबल्यावर त्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ज्याचा फोटो आला नाही त्याचं नाव दुपारी स्पीकरवर. प्रेस शॉपमधली माणसं जेवताना याची नक्कल करायची. भाजी वाढणाऱ्याला म्हणायची, "विचार करू नये, यस दाबावे." पुढे पुढे कुणी खिडकीत काय लिहिलंय ते वाचेनासंच झालं. दर वेळी रंग वेगळा, चित्र वेगळं, नाव वेगळं. वाचून करणार काय?

आमच्या डिस्पॅचला कांचन होती. लातूरकडची. माल भरून निघणाऱ्या प्रत्येक गाडीची लेबलं आणि बिलं तिच्या कॉम्प्युटरवरून निघायची. नवरा प्रेस ऑपरेटर होता, दुसऱ्या एका कारखान्यात. मशीनमध्ये हात सापडला, बोटं गेली, तेव्हापासून घरी. मोशीत भाड्याची खोली, मुलगी शाळेत. घर चालायचं ते हिच्या पगारावर. ती कंत्राटी होती, पण पर्मनंट करायचं म्हणून तिचं नाव वर गेलं होतं, आणि त्या बातमीवर ती सगळं घर तोलून धरत होती. मला म्हणायची, "ताई, एकदा पर्मनंट झाले की ह्यांच्या हाताचं मोठ्या दवाखान्यात दाखवते बघा."

या कांचनने एकदा, फक्त एकदा, खिडकी आल्यावर साहेबांना फोन केला होता. "साहेब, ही दाबू का? ह्याचं चित्र वेगळंच दिसायलंय." फोनवरून जे ओरडणं आलं ते माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं. "प्रत्येक खिडकीला फोन करायचा नाही! मी काय इथे खिडक्या पुसायला बसलोय?" कांचनने फोन ठेवला आणि 'यस' दाबलं. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही, आणि का विचारावं?

मग तो दिवस उजाडला. महिना संपत आला होता, म्हणजे सॉफ्टवेअर बदलायची वेळ झालीच होती. सकाळी सगळ्यांआधी कॉम्प्युटर चालू व्हायचा तो कांचनचा, कारण पहिल्या शिफ्टच्या गाड्या भरून उभ्या असायच्या. खिडकी आली. 'तुमच्या संरक्षणाची मुदत संपत आहे, नवीन करण्यासाठी यस.' असंच काहीतरी, इंग्रजीत. बाहेर गाडीवाला हॉर्न मारत होता. तिने 'यस' दाबलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि लेबलं काढायला घेतली. लेबल काही निघालं नाही.

मी बसमधून उतरले तेव्हा गेटपासूनच आरडाओरडा ऐकू येत होता. बघता बघता डिस्पॅच, स्टोअर, अकाउंट्स, सगळीकडे पडदे काळे झाले होते आणि त्यावर पैशाची मागणी. फायली कुलूपबंद. माझा कॉम्प्युटर चालू केला तर तीच खिडकी माझ्याही पडद्यावर! बोट माउसवर गेलंसुद्धा होतं, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "वायरी काढा!" मी नेटवर्कची वायर उपटली. बस जरा आधी आली असती तर मीही दाबून मोकळी झाले असते. त्या उघड्या खिडकीचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. का काढला? सवय! त्यानेच लावलेली.

गाड्या उभ्या राहिल्या. लेबलाशिवाय माल मोटार कंपनीच्या दारात घेत नाहीत, आणि माल गेला नाही तर त्यांचं जुळणीचं काम थांबतं. तिकडून फोनवर फोन. शेवटी आम्ही हाताने लेबलं लिहिली, हात जोडले, आणि जुन्या साठवलेल्या नकलांवरून कॉम्प्युटर हळूहळू उभे केले. पैसे मालकांनी दिले नाहीत. पण मोटार कंपनीने कळवलं, चूक कुणाची होती आणि तुम्ही काय कारवाई केली ते लेखी द्या. आणि कारवाई म्हटलं की आमच्या पर्सोनेलवाल्याला कंत्राटी माणूसच दिसतो.

मालकांच्या केबिनमध्ये मीटिंग बसली. मालक, पर्सोनेलवाला, हा, आणि फुकटच्या चाचण्यांची पत्रं माझ्या विभागातून गेली होती म्हणून मी. कांचनला दाराजवळ उभं केलेलं. बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

हा तयारीनिशी आला होता. पडद्यावर दाखवायची सोय उरली नव्हती, म्हणून फळ्यावर मोठा गोल काढला आणि त्याचे भाग पाडले. 'घटनेच्या कारणांची तुलना.' अमुक टक्के यंत्रणेची मर्यादा, अमुक टक्के बाहेरचा धोका, आणि सगळ्यांत मोठा तुकडा वापरणाऱ्याची चूक. त्या तुकड्यात त्याने तिरप्या रेघा मारल्या. रेघा मारताना हात अगदी सराईतपणे चालत होता. समोर ती बाई उभी आहे रे, जिवंत, तिच्या घरावर रेघा मारतोयस तू!

"कंत्राटीच आहे, आजपासून बंद करू," पर्सोनेलवाला म्हणाला. "कस्टमरला कारवाई दाखवता येईल."

मालकांनी कांचनला विचारलं, "का दाबलंस गं?"

"दर महिन्याला दाबते की, मालक," ती म्हणाली. "साहेब स्पीकरवर सांगायलेत ना, विचार करू नका म्हणून. न्हाई दाबलं तर नाव घ्यायलेत. फोन केला तर ओरडायलेत. मी काय करावं मग?"

"पण ही खिडकी वेगळी होती," हा म्हणाला. "नीट बघणाऱ्याला फरक लगेच कळला असता."

बस. माझं डोकंच फिरलं. मी माझा मोबाइल काढला, त्यावर त्या दिवशीची खोटी खिडकी. पर्सोनेलवाल्याचा मोबाइल मागून घेतला, त्यावर ग्रुपमधला आधीच्या महिन्यातला फोटो, खऱ्या सॉफ्टवेअरचा. नाव, तारीख दिसू नये म्हणून कडा कापल्या आणि दोन्ही मोबाइल त्याच्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "सर, तुम्ही नीट बघणारे. यातली खोटी कुठली?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला. "जरा मोठं करता येईल?" मी मोठं केलं. "दोन्हीकडे निळा रंग आहे," म्हणाला. मग बोटाने काहीतरी मोजलं. कपाळावर घाम आला. आम्ही सगळे बघत होतो, कांचनही बघत होती. शेवटी ताठ बसला आणि म्हणाला, "असं घाईत सांगणं शास्त्रीय होणार नाही. दोन्हींची रीतसर तुलना करून मी उद्यापर्यंत कळवतो."

मालक शांतपणे म्हणाले, "उद्यापर्यंत? आणि हिच्या दारात गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. हिला किती वेळ होता?"

पर्सोनेलवाला आपला मोबाइल हळूच उचलायला लागला.

"ही कुठं जात नाही," मालक म्हणाले. "हिचं पर्मनंटचं ठरल्याप्रमाणं करा. कस्टमरला मी लिहून देतो, चूक मालकाची, त्यानं फुकटात भागवलं. आणि तुम्ही," ते याच्याकडे वळले, "उद्यापासून कंपनीत कुठल्याही कॉम्प्युटरवर कुठलीही खिडकी आली, की तुम्ही स्वतः जायचं आणि स्वतःच्या हातानं दाबायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

पुढचे दिवस आठवले की अजून हसू येतं. प्रिंटरची शाई संपत आली, खिडकी. घड्याळाची वेळ चुकली, खिडकी. लोकांनी तर उट्टंच काढलं. प्रेस शॉपच्या टोकाला असलेल्या कॉम्प्युटरवरून बोलावणं, तिथून स्टोअर, तिथून पुन्हा प्रेस शॉप. आणि स्पीकरवरून पुकारा, "आयटी हेड साहेबांनी ताबडतोब यावे, खिडकी आली आहे." हा घामाघूम होऊन पळतोय, मागून एखादा ऑपरेटर ओरडतोय, "सर, सावकाश, खिडकी पळून जाणार न्हाई!" दर खिडकीसमोर उभा राहून हा वाचायचा. एकेक शब्द वाचायचा. इतक्या वर्षांत मी त्याला काही वाचताना पहिल्यांदाच बघत होते.

आठवडाही झाला नसेल, तो माझ्या टेबलाशी आला आणि मागणीचा कागद ठेवला. एकच नाव. मी विचारलं, "सर, तक्ता कुठाय? हेच का निवडलंत?"

त्याने खाली बघितलं. "मॅडम, एकदा बसवलं की वर्षभर याची खिडकी येत नाही."

मी त्याच्या तोंडावर हसले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. ऑर्डर त्याच दुपारी काढली.

बसवायच्या दिवशी अर्थातच प्रत्येक कॉम्प्युटरवर एक खिडकी येणार होती आणि ती यालाच दाबायची होती. मी डिस्पॅचला एका गाडीच्या मालाबद्दल विचारायला गेले होते, तेव्हा हा कांचनच्या टेबलाशी आला. ती खुर्चीवरून उठून बाजूला झाली. हा बसला. खिडकी उघडलेली होती, नाव त्यानेच निवडलेल्या सॉफ्टवेअरचं होतं, पैसे भरलेले होते. तरी तो बघतच राहिला. वाचून झालं, परत वाचलं. बोट माउसवर होतं आणि ते चक्क थरथरत होतं.

"दाबा की, साहेब," कांचन म्हणाली.

"हो, हो. दाबतो."

दाबलं नाही त्याने. कांचन त्या बोटाकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, मला तरी ऐकू आला नाही.

"तुमचा हात थरथरायलाय, साहेब," ती म्हणाली. "माझा नव्हता थरथरला त्या दिवशी. तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर कशाला थरथरंल?"

त्याने 'यस' दाबलं. पण उठला नाही, तसाच बसून राहिला, मान खाली घालून. शेवटी बाहेर गाडीवाल्याने हॉर्न मारला, तेव्हा कांचननेच त्याला खुर्चीवरून उठायला सांगितलं, कारण तिला लेबलं काढायची होती.